जुन्या मोटरसायकलचे थंड इंजिन सुरू करणे व तापवणे

कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) आणि किक असलेली मोटरसायकल रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सुरू करण्याची, आणि इंजिन नीट गरम होईपर्यंत तिला जपण्याची रीत. इंधन आत फवारणाऱ्या हल्लीच्या गाड्यांत तापमान ओळखून पेट्रोल किती द्यायचे ते गाडीतला छोटा संगणक ठरवतो. जुन्या गाडीत ते चालवणाऱ्याचा हात, पाय आणि कान ठरवतात. ही रीत सर्वांत स्पष्ट दिसते ती लोखंडी सिलिंडरच्या ३५० सीसी बुलेटमध्ये. १९५५ साली मद्रासमध्ये एन्फील्ड इंडिया उभी राहिली तेव्हापासून जवळजवळ २०१०पर्यंत हे इंजिन मूळ ठेवण बदलल्याशिवाय बनत राहिले, आणि गावोगावी ते आजही चालू आहे.

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. गरम इंजिनात १ भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा असे मिश्रण पूर्ण जळते. इंजिन गार असेल तर कार्बोरेटरमधून निघालेल्या पेट्रोलचा बराचसा भाग वाटेतच नळीच्या आतल्या बाजूला चिकटून राहतो. ठिणगीपाशी पोचते ती मुख्यतः हवाच. म्हणून सुरुवातीला पेट्रोल मुद्दाम जास्त द्यावे लागते, आणि चोकचे काम तेवढेच. निफाडसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत पारा कधीकधी ५ अंशांच्याही खाली जातो. तिथल्या पहाटे चोकशिवाय किक मारणे म्हणजे पाय दुखवून घेणे.

चोक सगळीकडे सारखा नसतो. काही कार्बोरेटरांत एक पडदा हवेची वाट अडवतो. जुन्या अमाल कार्बोरेटरवर आणि पूर्वी म्हैसूरला बनलेल्या जावा-येझदीच्या जिकोव्ह कार्बोरेटरवर दाबायचे एक बटन असते. ते दाबले की फ्लोट (कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलवर तरंगणारा भाग) खाली जातो, पेट्रोल वर चढते आणि बोटाला ओले लागते. ओले लागले की थांबायचे. नंतरच्या बुलेटवर आलेल्या मिककार्बमध्ये पडदाच नाही. त्यात जास्तीच्या पेट्रोलची एक वेगळी बारीक वाट आहे आणि चोकची दांडी ती उघडते. रेस बंद असताना इंजिनाच्या बाजूला जी ओढ तयार होते, तिच्यावरच ही वाट चालते. रेस पिळली की ओढ कमी होते आणि चोक लावून न लावल्यासारखा होतो. चोक ओढून वर रेस देत किका मारत बसणारे खूप लोक दिसतात, आणि गाडी कुरकुरते ती बहुतेक वेळा याच कारणाने. अशा वेळी रेसला हातही लावू नये.

किक मारण्याआधी क्लच दाबून दोन-चार वेळा किक खाली दाबावी. रात्रभरात तेल घट्ट होऊन क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतात. त्या सुटल्या नाहीत तर पहिला गिअर टाकताना गाडी हिसका देते. मग पेट्रोलचा कॉक उघडावा, चोक लावावा आणि चावी फिरवावी. हेडलाइटच्या घरावरच्या अ‍ॅमीटरचा, म्हणजे करंट दाखवणाऱ्या घड्याळाचा, काटा आता कामाला येतो. पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारी-तोडणारी टोके) जुळलेले असतील तर कॉइल, म्हणजे ठिणगीचा दाब वाढवणारे वेटोळे, करंट ओढते आणि काटा डावीकडे झुकतो. पॉइंट उघडले की तो मध्यावर येतो. किक हळूहळू दाबत न्यावी. पाय अडला की पिस्टन दाबाच्या फेरीत वर आला असे समजावे. हँडलच्या डाव्या बाजूची डीकॉम्प्रेसरची कांडी ओढली की हेडमधली एक छोटी झडप उघडते, फुस्स आवाज होऊन दाब निघून जातो आणि किक पुढे सरकते. काटा डावीकडून मध्यावर आला की कांडी सोडावी आणि किक पुन्हा वर येऊ द्यावी. मग शरीराचे वजन टाकून एकच पूर्ण किक. पिस्टन दाबाची जागा ओलांडून गेलेला असल्याने पुढची दाबाची फेरी येईपर्यंत इंजिनातल्या जड चाकाला वेग मिळतो. काटा न पाहता घाईत मारलेल्या अर्ध्या किकेवर, त्यातून टायमिंग (ठिणगीची वेळ) पुढे गेलेले असेल तर, ठिणगी लवकर पडते आणि किक उलटी येते. तिने घोटा आणि पोटरी कायमची दुखावलेली माणसे आहेत.

तीन-चार किकांत सुरू झाली नाही तर जास्त मारू नयेत. प्लग काढून पाहावा. तो ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल जास्त झाले आहे. तेव्हा चोक बंद करावा, चावी बंद ठेवून आणि रेस पूर्ण उघडून काही किका मारून इंजिन कोरडे करावे आणि पुसलेला प्लग बसवावा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येतच नाही. कॉक किंवा जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोलचे बारीक भोक) साफ करावे. कोकणच्या पावसाळ्यात दोष बहुधा थंडीचा नसून दमटपणाचा असतो. प्लगची वायर आणि टोपी कोरड्या फडक्याने पुसली तरी पुष्कळदा काम होते.

गाडी सुरू झाल्यावर इंजिन तापवायचे कसे, याबाबत माझे मत ठाम आहे: उभ्या गाडीला पाच मिनिटे रेस देऊ नये. चोक अर्ध्या-एक मिनिटात कमी करत जावा. तो लावलेलाच राहिला तर जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते आणि प्लग काळा पडतो. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा आणि सिलिंडर लोखंडाचा. गरम झाल्यावर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. म्हणून पिस्टनला मोकळी जागा ठेवलेली असते आणि गार बुलेटमधून खट-खट ऐकू येते. गाडी गरम झाली की तो आवाज मावळतो. मावळला नाही तर मेकॅनिकला दाखवावे. गार असताना रेस ओढली तर पिस्टन लवकर फुगतो, सिलिंडर मागे राहतो, आणि तेलही अजून घट्ट असते. टू-स्ट्रोक येझदी किंवा राजदूतमध्ये पिस्टन जाम होण्याचे हे एक मोठे कारण. बरे ते हेच, की गाडी सुरू होऊन एकसारखी फिरू लागली की निघावे आणि पहिले दोन-तीन किलोमीटर रेस कमी ठेवून, गिअर न ताणता चालवावी.

२०२५पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले, आणि त्यातले काही उसातून येते. इथेनॉलला वाफ होण्यासाठी पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, त्यामुळे गार सकाळी जुन्या गाडीला चोक थोडा जास्त वेळ लागतो. ते पाणीही शोषते, म्हणून गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल काढून टाकावे. लेहमध्ये हिशेब वेगळा असतो: तिथे हवा विरळ असते, त्यामुळे मैदानी भागासाठी बसवलेल्या जेटवर मिश्रणात पेट्रोल आधीच जास्त असते आणि थंडी असूनही चोक लवकर काढावा लागतो.

रोज फक्त दुकानापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीचे तेल मात्र खराब होते. पेट्रोल जळताना पाणी तयार होते. इंजिन पुरते तापत नसेल तर ते तेलात उतरते आणि तेलाच्या झाकणाच्या आत ताकासारखा पांढरट थर जमतो. आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास सलग चालवावी आणि घरी आल्यावर झाकण उघडून पाहावे. आतली बाजू स्वच्छ आणि नुसती तेलकट दिसली तर पाणी उडून गेले आहे.