ग्रहणाचा डाग आणि एनएफ-१ जनुक

बाळाच्या पाठीवर कॉफीच्या रंगाचा सपाट डाग दिसला, की सोलापुरात आजही आईलाच विचारतात, "ग्रहणात काही चिरलंस का गं?" एखाददुसरा डाग म्हणजे नुसती जन्मखूण. पण लहान मुलाच्या अंगावर ५ मिलिमीटरपेक्षा मोठे असे सहा किंवा जास्त डाग असतील, वर काखेत बारीक ठिपकेही असतील, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. तो न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १, म्हणजे मज्जातंतूंवर गाठी आणणारा जनुकीय आजार, असू शकतो. साधारण ३,००० जन्मांमागे एकाला हा आजार असतो.

ग्रहणाचा यात काही संबंध नाही. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं, त्यावरही खापर फुटतं, तेही चूक. हा आजार व्हायला जनुकाची एकच बिघडलेली प्रत पुरते, ती आईवडील दोघांकडून यावी लागत नाही. शिवाय जवळपास निम्म्या रुग्णांच्या आईवडिलांना तो नसतोच, बिघाड नव्याने झालेला असतो.

हे जनुक, एनएफ-१, सतराव्या गुणसूत्रावर असतं. १९९० मध्ये ते सापडलं. त्यापासून न्यूरोफायब्रोमिन हे प्रथिन बनतं. पेशीला 'वाढ, विभाग' असा हुकूम देणारं रास नावाचं प्रथिन बंद करणं, हे त्याचं काम. यंत्रमागावर बाणा तुटला की माग आपोआप थांबतो ना, तशीच ही सोय. जनुकाच्या दोन प्रती असतात. जन्मतः एक बिघडलेली असली तरी दुसरी बरंच सांभाळून घेते. मज्जातंतूभोवती वेष्टण घालणाऱ्या एखाद्या श्वान (Schwann) पेशीत ती दुसरी प्रतही बिघडली, की तिथे गाठ वाढू लागते. दोन घावांचा हा हिशेब अमेरिकी संशोधक आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये मांडला, तोही मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाचे रुग्ण तपासून.

बहुतेक गाठी साध्याच राहतात. कर्करोग व्हायला सहसा पी-५३सारखे, पेशीची वाढ रोखणारे आणखी रखवालदार जनुक गारद व्हावे लागतात. म्हणून जुनी गाठ एकाएकी वाढली, कडक झाली किंवा सतत दुखू लागली, तर तेल चोळत बसू नये. डोळ्यांच्या मज्जातंतूवरची गाठ मात्र लहानपणीच येते आणि मूल तक्रार करत नाही. त्यामुळे वर्षाला एकदा नेत्रतपासणी हवीच.

हरवलेलं न्यूरोफायब्रोमिन परत देणारं औषध अजून नाही. सेल्युमेटिनिब हे औषध रासचा हुकूम पुढच्या टप्प्यावर, मेक या प्रथिनापाशी अडवतं. शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या, त्रास देणाऱ्या प्लेक्सिफॉर्म (मज्जातंतूंच्या जाळ्यात पसरलेल्या) गाठींसाठी अमेरिकेत २०२० मध्ये ते मुलांना द्यायला मंजुरी मिळाली. अनेक मुलांच्या गाठी त्याने आकसतात, पण नाहीशा होत नाहीत.