रेंज पूर्ण, नेट संथ: दाट मोबाइल जाळ्यांमागचा इतिहास

जळगावच्या फुले मार्केटसारख्या गजबजलेल्या ठिकाणी फोनवर रेंजच्या सगळ्या दांड्या दिसत असूनही नेट अडखळते, तेव्हा टॉवर वाढवा अशी मागणी होते. परंतु त्या दांड्या प्रामुख्याने सिग्नलची ताकद दाखवतात. वेग ठरतो तो हा सिग्नल शेजारच्या टॉवरच्या सिग्नलपेक्षा किती वरचढ आहे आणि उपलब्ध रेडिओ लहरी किती जणांत वाटल्या जातात यावर. म्हणून नवा टॉवर कधी औषध ठरतो, तर कधी दुखणे वाढवतो.

अमेरिकेत १९४६ मध्ये सेंट लुईस येथे सुरू झालेल्या मोटारीतील फोनसेवेत शहरभर एका वेळी मोजकीच संभाषणे होऊ शकत. डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅब्ज या दूरध्वनी संशोधन संस्थेतील डी. एच. रिंग यांनी एका अंतर्गत टिपणात निराळी वाट सुचवली: प्रदेशाचे लहान षटकोनी भाग, म्हणजे सेल, पाडावेत आणि पुरेशा अंतरावर त्याच लहरी पुन्हा वापराव्यात. ही कल्पना व्यापारी सेवेत उतरायला टोकियोत १९७९ आणि शिकागोत १९८३ साल उजाडले. शेजारी सेलना लहरींचे वेगवेगळे गट देण्याच्या त्या काळच्या रूढ मांडणीत एकूण लहरींचे सात भाग करत. व्यत्यय टळे, पण प्रत्येक सेलच्या वाट्याला सातवा हिस्साच येई.

सीडीएमए या पुढच्या मोबाइल तंत्राने प्रत्येक सेलमध्ये त्याच लहरी वापरून संभाषणे संकेतांनी वेगळी केली, मात्र त्यासाठी फोनच्या सिग्नलची शक्ती सेकंदाला ८०० वेळा कमी-अधिक करावी लागे. डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम आणि ऑस्लो येथे सुरू झालेल्या ४जी सेवेच्या तंत्रातही सर्व सेल लहरींचा संपूर्ण पट्टा वापरू शकतात. त्रास होतो तो दोन सेलच्या सीमेवर उभ्या असलेल्या ग्राहकाला. तेव्हा शेजारच्या टॉवरांनी परस्परांशी माहितीची देवाणघेवाण करून लहरींचे तुकडे आणि वेळा ठरवाव्यात, असा मार्ग निघाला. पुढे एलटीई या ४जीच्या तंत्राच्या दहाव्या आवृत्तीत मोठा टॉवर काही मिलिसेकंद जवळजवळ गप्प राहतो आणि तेवढ्यात त्याच्या छायेतील लहान सेल आपल्या कडेच्या ग्राहकांना सेवा देतात, अशी तरतूद झाली. पांझरा खोऱ्यातील फड पद्धतीत पाटकरी पाळीने पाणी फिरवतो, त्याच जातीचा हा व्यवहार आहे. फरक इतकाच की येथे पाळी मिलिसेकंदांची असते.

ही समजूत एकाच कंपनीच्या जाळ्यात सहज घडते, सीमेवर मात्र नाही. नवापूरचे रेल्वे स्थानक महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांत विभागलेले आहे, आणि भारतात स्पेक्ट्रमचे, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांचे, वाटप दूरसंचार सर्कलनिहाय, म्हणजे साधारण राज्यवार, होते. त्यामुळे अलीकडे एका कंपनीकडे असलेला पट्टा पलीकडे दुसऱ्या कंपनीकडे असू शकतो. अशा ठिकाणी टॉवरांचा आपसातला संवाद उपयोगी पडत नाही, आणि अँटेनाचा कल खाली झुकवणे, शक्ती घटवणे व दोन्ही कंपन्यांच्या अभियंत्यांनी एकत्र बसून मोजमाप करणे हे जुनेच उपाय कामी येतात.