थाप आणि चुकलेली आठवण

कुणी आपला अनुभव सांगितला आणि त्यातला एखादा तपशील चुकीचा निघाला, की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, थापा मारतोय. दुसरा म्हणतो, इतकं पोटतिडकीने सांगतोय, डोळ्यांत पाणी आलंय, खोटं कसं असेल? माणूस एक तर खरं सांगतो, नाहीतर खोटं बोलतो, हे दोघांनीही धरूनच चाललेलं असतं. या समजुतीचा मला आता वीट आला आहे.

थापेबद्दल फार लिहीत नाही, ती सगळ्यांच्या परिचयाची आहे. खरं काय ते ठाऊक असूनही सांगणारा वेगळं सांगतो. तिखटमीठ लावणं हाही त्याचाच सौम्य प्रकार.

आठवण चुकते तेव्हा मात्र सांगणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर हे अमेरिकेचं अवकाशयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत नष्ट झालं. ही बातमी तुम्हाला कुठे, कुणाकडून कळली, हे उल्रिक नायसर आणि निकोल हार्श या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांकडून दुसऱ्याच दिवशी लिहून घेतलं. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या 44 जणांना तेच पुन्हा विचारलं. 11 जणांचा एकही मुख्य मुद्दा स्वतःच्याच जुन्या उत्तराशी जुळला नाही. खात्री मात्र ठणठणीत! पुढे त्यांचे जुने कागद समोर ठेवले, तरी मूळ आठवण कुणाला परत आली नाही. कागद वाचूनही, मला तर ते वेगळंच आठवतं, असं काहींनी सांगितलं. आता यात कुणी कुणाला फसवलं? आणि कशासाठी?

म्हणून छातीठोकपणे सांगण्याला मी पुरावा मानत नाही. अश्रूंना तर मुळीच नाही. त्यावरून फार तर एवढं कळतं, की सांगणाऱ्याचा स्वतःवर विश्वास आहे.

पण तपशील चुकला म्हणून सगळंच मोडीत काढणारेही तितकेच घायकुते. अमेरिकेतल्या वॉटरगेट प्रकरणात, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घरफोडी दडपण्याच्या प्रकरणात, राष्ट्राध्यक्षांचे माजी कायदा सल्लागार जॉन डीन यांनी 1973 मध्ये सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याशी झालेली बोलणी इतक्या बारकाईने सांगितली, की ऐकणारे थक्क झाले. नंतर त्या बोलण्यांच्या ध्वनिफिती उजेडात आल्या. नायसर यांनीच 1981 मध्ये दोन्ही ताडून पाहिलं, तर 15 सप्टेंबर 1972 च्या भेटीतलं डीन यांनी सांगितलेलं जवळजवळ काहीच तसं बोललं गेलं नव्हतं. स्वतःचं महत्त्वही त्यांच्या आठवणीत वाढलं होतं. मात्र प्रकरण दडपलं जातंय आणि निक्सन यांना ते माहीत आहे, हा साक्षीचा गाभा खरा होता.

आठवण अशी सरकते, याचा आपण अनुभव मुळात का सांगतो याच्याशी संबंध आहे. इतिहासाची नोंद व्हावी म्हणून कुणी क्वचितच बोलतं. आपण सांगतो ते जवळीक साधायला, हसवायला, सावध करायला किंवा ‘तुझंच बरोबर होतं’ असं ऐकून घ्यायला. जसा श्रोता, तशी काटछाट. बार्बरा ट्वर्स्की आणि एलिझाबेथ मार्श या मानसशास्त्रज्ञांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना एक गोष्ट वाचायला देऊन तिच्यातल्या पात्राविषयी एकांगी पत्र लिहायला लावलं. नंतर मूळ गोष्ट आठवायला सांगितली, तर आठवणही पत्राच्याच बाजूला झुकलेली निघाली. म्हणजे श्रोत्यासाठी केलेली काटछाट सांगणाऱ्याच्याही डोक्यात घर करते.

त्यामुळे ‘दर वेळी शब्दन्‌शब्द तेच सांगतो, म्हणजे खरंच असणार’ हा युक्तिवाद ऐकला की मला हसू येतं. किस्सा पाठ झालाय, एवढंच त्यातून सिद्ध होतं. त्यापेक्षा त्याच दिवशी लिहिलेली डायरीतली अडखळती ओळ मी केव्हाही पसंत करीन. आणि कुणाला खोटारडं ठरवायचंच असेल, तर खरं काय ते त्याला सांगतेवेळी माहीत होतं, हे आधी दाखवा.