'वैयक्तिक' सत्याग्रहातला 'वैयक्तिक' : खान्देशची पार्श्वभूमी

खान्देशात सरकारला 'नाही' म्हणण्याचा इतिहास बहुतेक जण बेचाळीसच्या 'चले जाव' चळवळीपासून मोजतात. पण १८५२ मध्येच सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल भागात शेतकऱ्यांनी जमीनमोजणीला विरोध केला होता. लष्कर आणून पुढारी पकडले गेले. पण तो जमावाचा विरोध. एकट्याने सदसद्विवेकाला साक्षी ठेवून कायदा मोडायचा, या विचाराची इथली मोठी शाळा म्हणजे धुळ्याचा तुरुंग. तिथे २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी एक, अशी गीतेवर अठरा प्रवचने झाली. अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून आलेला एक कैदी, साने गुरुजी, ती उतरवून घेत होता. प्रवचन करणारा कैदी, विनोबा भावे, १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला गांधीजींच्या युद्धविरोधी चळवळीतला पहिला वैयक्तिक सत्याग्रही झाला.

इथेच शब्दाचा घोळ सुरू होतो. 'वैयक्तिक' म्हटले की वाटते, ज्याला पटेल त्याने उठावे. प्रत्यक्षात नाव वरून, म्हणजे गांधीजींकडून, मंजूर व्हावे लागे; खादी आणि नियमित सूतकताई या अटी होत्या. मंजुरीनंतर जिल्हा मॅजिस्ट्रेटला (पूर्व खान्देशात जळगावला, पश्चिम खान्देशात धुळ्याला) आधीच लेखी कळवायचे: दिवस, वेळ, गाव, जागा. मग एवढेच म्हणायचे की इंग्रजांच्या युद्धाला माणूस किंवा पैसा देणे चूक आहे. अटक झाली नाही, तर तेच सांगत गावोगाव, दिल्लीच्या दिशेने पायी निघायचे. आगाऊ सूचनेमुळे तोंड उघडायच्या आतच माणूस उचलला जाण्याची वाट मोकळी होई, आणि मग चौकात जमलेल्यांच्या कानी काहीच पडत नसे. तरी मे १९४१ पर्यंत देशभर २५,००० हून अधिक जणांना शिक्षा झाल्या.

मंजुरीमागे कारण होते: एकाच्या बोलण्यातून दंगल उसळली तर सगळ्याच चळवळीवर पाणी पडले असते. पण विवेकाला परवानगी लागावी, ही गोष्ट तेव्हाही अनेकांना खटकली, आणि ती खटकायलाच हवी होती.

ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव' सुरू होताच नावे मंजूर करणारे नेतेच तुरुंगात गेले. आता प्रत्येकाने स्वतःच आपला पुढारी व्हायचे होते. ९ सप्टेंबरला नंदुरबारला विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच मुले गेली. त्यांतला हातात झेंडा धरलेला मुलगा, शिरीषकुमार, पंधरा वर्षांचा होता. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याकडच्या चिमठाणे गावाजवळ भूमिगतांनी सरकारी खजिन्याची गाडी अडवून सुमारे साडेपाच लाख रुपये नेले. पोलिसांच्या लेखी तो दरोडा, भूमिगतांच्या लेखी लोकांच्याच पैशाची वसुली. तोवर लेखी सूचना मागे पडली होती, आणि मंजुरीही.