तक्ता वाचता आला म्हणजे नजर शाबूत?

‘तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली की डोळ्यांमागे काही बिघाड नाही’ असा एक समज वर्षानुवर्षे फिरत आहे. तो पटण्याजोगा वाटतो, पण तक्त्यावरून फक्त नजरेच्या मध्यभागाची तीक्ष्णता कळते. कडेचे किती दिसते, हे त्यातून कळत नाही. आणि संप्रेरके (हार्मोन) तयार करणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ झाली, तर आधी ही कडेचीच नजर जाऊ शकते.

ही ग्रंथी मेंदूच्या तळाशी, हाडाच्या छोट्या खोबणीत असते आणि तिच्या साधारण १ सेंटिमीटर वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकत्र येतात. दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या आत मागे असलेल्या, प्रकाश टिपणाऱ्या पडद्याच्या) नाकाकडील अर्ध्या भागातून निघालेले तंतू तिथे बाजू बदलतात, आणि बाहेरच्या, म्हणजे कानाकडच्या बाजूचे दृश्य हेच तंतू वाहून नेतात. ग्रंथीतली गाठ वर वाढून या जागेवर दाब देऊ लागली की दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू, बहुधा वरच्या कोपऱ्यापासून, पुसट होत जाते. १० मिलिमीटरपेक्षा लहान गाठी सहसा तिथवर पोहोचत नाहीत. दोन्ही डोळे उघडे असताना एकाची उणीव दुसरा बऱ्याच अंशी भरून काढतो, त्यामुळे तक्त्यावर ६/६, म्हणजे सामान्य, नजर असलेल्या माणसालाही हे जाणवतेच असे नाही.

पडताळणीसाठी एक डोळा झाकावा, समोरच्याच्या नाकावर नजर स्थिर ठेवावी आणि त्याने बाजूने आत आणलेले बोट कधी दिसते ते पाहावे. मग दुसरा डोळा. ही केवळ ढोबळ चाचणी. खात्री नेत्रतज्ज्ञांकडील दृष्टिक्षेत्र तपासणीने होते आणि गरजेनुसार एमआरआय केला जातो. दाब वेळेत हटल्यास गेलेली नजर अनेकदा बरीच सुधारते.