चिकटले ते सुटेना: जुन्या स्कींचे काय करायचे?

नॉर्वेतल्या दिगेरवार्डेन डोंगरावरचा जुना बर्फ वितळत चालला आहे आणि त्याच्या पोटातल्या वस्तू उघड्या पडत आहेत. 2014 साली तिथे पुरातत्त्वज्ञांना एक लाकडी स्की, म्हणजे बर्फावरून घसरत जायला पायाला बांधायची लांब फळी, मिळाली. तिची जोडीदारीण मिळायला 2021 उजाडले, आणि तीही पहिलीपासून जेमतेम पाच मीटरवर निघाली. दोघी सुमारे 1300 वर्षांपूर्वीच्या. लांबी 187 सेंटीमीटर, रुंदी साधारण 17. पाय अडकवायला बर्चच्या पिळलेल्या डहाळ्या आणि चामड्याचा पट्टा.

या शोधातला मला सर्वांत आवडलेला तपशील असा की दुसऱ्या स्कीवर दुरुस्तीच्या खुणा आहेत. भरपूर वापरलेली, झिजलेली, मग नीट करून पुन्हा वापरलेली. दोन्ही स्की हुबेहूब सारख्याही नाहीत. जोडीतली एक मोडली की दुसरी घडवून घ्यायची, हा त्या माणसांच्या लेखी साधा हिशोब असणार. लाकूड होते, हत्यार होते, हात होते. वस्तू ज्याने घडवली त्याला ती उलगडताही येत होती.

आजच्या स्कीबद्दल असे म्हणता येत नाही.

दुकानात उभी असलेली चकचकीत स्की एकसंध फळीसारखी दिसते, पण ती आडवी कापली तर आत थरांची चळत दिसते. मध्ये लाकडाचा गाभा: पॉपलर, बीच, अ‍ॅश किंवा हलकी हवी असेल तर पाउलोनिया. त्याच्या वर आणि खाली इपॉक्सी रेझिन या चिकट रसायनात भिजवलेले काचतंतूंचे कापड. महागड्या, जोरकस स्कीमध्ये त्याच्या जोडीला टायटॅनल नावाच्या धातूचे पत्रे. (नावावर जाऊ नका. टायटॅनल हा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. जस्त, मॅग्नेशियम आणि तांबे घालून केलेला.) कडेने एबीएस प्लास्टिकच्या भिंती, धातू आणि लाकूड यांच्यातले धक्के पचवायला रबराची पातळ पट्टी, बर्फ कापायला पोलादी कडा, तळाला पॉलिइथिलीन, आणि वर छापील नक्षीचे आणखी एक प्लास्टिक. बाइंडिंगसह (म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या खोबणीसह) साधारण सहा किलोंच्या जोडीत आठ-नऊ प्रकारचे पदार्थ, आणि सगळे एकमेकांना असे चिकटवलेले की उणे वीस अंशांत, ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने, खडबडीत उतारावर आदळत जातानाही सुटू नयेत.

हे सँडविच एका दिवसात जन्मले नाही. पोलादी कडा 1920 च्या दशकात साल्झबुर्गच्या रुडॉल्फ लेटनरने आणल्या. त्याआधी निखळ लाकडाच्या स्कीच्या कडा टणक बर्फावर गोल होऊन जात. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉवर्ड हेड नावाच्या अमेरिकी इंजिनिअरने खरी उलथापालथ केली. तो ग्लेन मार्टिन या विमान कंपनीत काम केलेला. विमानाच्या अंगात हलका गाभा आणि त्याला दोन्हीकडून चिकटवलेले धातूचे पत्रे असतात, तर स्की तशी का नको, असा त्याचा विचार. पहिल्या जोड्या मोडल्या, पुढच्याही मोडल्या. पण 1950 साली त्याची धातूची ‘हेड स्टँडर्ड’ बाजारात आली आणि लाकडी स्कीचे दिवस भरले. 1960 च्या दशकात काचतंतू आले. तेव्हापासून आजपर्यंत मूळ कल्पना तीच आहे: थर लावा, इपॉक्सी ओता, गरम प्रेसमध्ये दाबा.

या प्रेसमध्ये काय घडते ते समजले की पुढचे बरेचसे कोडे उलगडते. इपॉक्सी रेझिन आणि त्याला कडक करणारा हार्डनर दोन्ही आधी काकवीसारखे दाट द्रव असतात. एकत्र आले की हार्डनरचे रेणू रेझिनच्या साखळ्यांना जागोजागी आडवे धरतात. सुट्या दोऱ्यांचे जाळे विणले जावे, तसे. शेवटी अख्ख्या स्कीतले इपॉक्सी म्हणजे जवळजवळ एकच अवाढव्य रेणू होऊन बसतो. अशा पदार्थांना थर्मोसेट म्हणतात. पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक मेणासारखे असते, तापवले की वितळते आणि नव्या साच्यात ओतता येते. थर्मोसेट भाजलेल्या मडक्यासारखे. कच्चे मडके भिजवून पुन्हा चिखल करता येतो, भट्टीतून निघालेले नाही. ते फोडता येते, त्याची माती करता येत नाही. कडक इपॉक्सी तापवले तर वितळत नाही, सरळ करपते.

म्हणजे स्की चांगली व्हावी म्हणून जे जे केले, तेच ती संपल्यावर आड येते.

तळाच्या पॉलिइथिलीनची तऱ्हा तर आणखी गमतीची. रसायनशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे ते थर्मोप्लास्टिक आहे, म्हणजे वितळायला हवे. पण चांगल्या स्कीच्या तळाला वापरतात त्याचा रेणुभार काही दशलक्षांच्या घरात असतो. कृत्रिम सांध्यातल्या अस्तरासाठीही याच जातीचे प्लास्टिक वापरतात, इतके ते झिजायला चिवट. साखळ्या एवढ्या लांब आणि गुंतलेल्या की तापवल्यावर ते पारदर्शक होते, मऊ होते, पण वाहत नाही. त्यामुळे नेहमीच्या प्लास्टिकच्या यंत्रात घालून त्याचे दाणे पाडता येत नाहीत. कागदावर पुनर्वापरयोग्य आणि यंत्रापुढे हट्टी.

तेव्हा पहिला शहाणपणा हा की स्की कचऱ्यापर्यंत पोहोचायला जितका उशीर होईल तितका करावा. तळाला चीर पडली तर पॉलिइथिलीनची कांडी पेटवून तिचे थेंब त्यात सोडायचे आणि गार झाल्यावर तासून सपाट करायचे, हे घरच्या घरी होते. थर सुटू लागले असतील तर फटीतले पाणी पूर्ण वाळवून, इपॉक्सी भरून, शिकंजात रात्रभर आवळून ठेवले की स्की बहुधा आणखी काही हंगाम काढते. वाळवण्याची पायरी अनेक जण गाळतात आणि मग दुरुस्ती टिकली नाही म्हणून कुरकुरतात. कडांना मात्र मर्यादा आहे. नव्या कडा सुमारे दोन मिलिमीटरच्या, आणि दगडावर घासून धार लावली की प्रत्येक वेळी थोडे पोलाद आणि थोडा तळ जातो. दर रविवारी हौसेने धार लावणारा माणूस आपल्याच स्कीचे आयुष्य खरवडत असतो.

लवचीकपणाही हळूहळू जातो. हजारो वेळा वाकल्यावर रेझिनमध्ये बारीक बारीक भेगा पडतात, स्कीची कमान बसते, उसळी मंदावते. शर्यतीतल्या खेळाडूला ते पहिल्याच वळणावर कळते. नवशिक्याला वर्षानुवर्षे कळत नाही, आणि म्हणून एकाची जुनी स्की दुसऱ्याची उत्तम पहिली स्की होऊ शकते. हंगामाच्या सुरुवातीला जुन्या स्कींचे बाजार भरतात ते याच्याच जोरावर.

इथे अडचण स्कीची नसते, बाइंडिंगची असते. पडल्यावर बूट योग्य क्षणी सुटला नाही तर नडगीचे हाड मोडते आणि नको तेव्हा सुटला तर माणूस उतारावर भिरकावला जातो. तो क्षण ठरवते आतली स्प्रिंग, आणि तिच्याभोवतीचे प्लास्टिक वयाप्रमाणे ठिसूळ होते. अमेरिकेत बाइंडिंगच्या कंपन्या दरवर्षी एक यादी काढतात: अमुक मॉडेलच्या जुळवणीची कायदेशीर जबाबदारी आम्ही घेतो. मॉडेल जुने झाले की यादीतून गळते, आणि मग दुकानातला कारागीर त्याला हात लावायला तयार होत नाही. बुटांचे तळवेही बदलले आहेत. चालायला सोपे असे वळणदार तळवे आले, ते जुन्या बाइंडिंगमध्ये नीट बसत नाहीत. परिणाम असा की धडधाकट स्की तिच्या पाठीवरच्या बाइंडिंगपायी भंगारात निघते. स्क्रू काढून नवे बाइंडिंग बसवता येते, पण त्याचा खर्च अनेकदा जुन्या स्कीच्या किमतीहून जास्त, आणि तिथे बहुतेकांचा विचार संपतो.

मग येतात खुर्च्या. डोंगराळ गावांत जुन्या स्कींची बाके, कुंपणे, कोट अडकवायच्या खुंट्या दिसतात. मला त्या आवडतात, आणि ज्या लाकडाची गरज त्यामुळे टळते तेही खरेच वाचते. मात्र खुर्ची म्हणजे पुनर्चक्रण नव्हे. तो मुक्काम आहे, लांबचा आणि सुखाचा. शिवाय दरवर्षी निकामी होणाऱ्या स्कींच्या मानाने जगाला लागणारी कुंपणे फारच थोडी. स्वतः बनवणार असाल तर एवढे ध्यानात ठेवा: स्की कापताना काचतंतूंची धूळ उडते, ती फुप्फुसांसाठी आणि कातडीसाठी वाईट. चांगला मास्क, चष्मा, हातमोजे हवेत, आणि लाकडाचे नव्हे, धातू कापायचे पाते हवे.

त्यापुढचा टप्पा कुटण्याचा. संपूर्ण स्की यंत्रात घालून तिचे बारीक तुकडे करायचे आणि तुकडे निवडायचे. पोलाद चुंबक ओढून घेतो. अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, पण वेगाने बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात त्याच्या आत विद्युतप्रवाहाचे भोवरे उठतात आणि तो तुकडा बाजूला उडतो. उरलेले घनतेप्रमाणे, हवेच्या झोतावर वेगळे करायचे, सुपात पाखडल्यासारखे. फ्रान्समध्ये रोसिन्योल या कंपनीने एमटीबी या पुनर्चक्रण कंपनीसोबत हीच वाट धरली आणि 2022 मध्ये ‘एसेन्शियल’ नावाची स्की आणली. कंपनीच्या आकड्यानुसार तिचा 77 टक्के भाग पुन्हा वापरात येऊ शकतो, नेहमीच्या स्कीचा सुमारे 10 टक्केच. यंत्र काही जादूचे नव्हते. फरक पडला तो स्कीतल्या पदार्थांची संख्या कमी केल्यामुळे आणि कुटल्यावर काय सुटेल याचा विचार आराखड्यातच केल्यामुळे. फ्रान्समध्ये 2020 च्या कचराविरोधी कायद्याने खेळाच्या सामानाच्या अखेरच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. अशा वेळी आराखडा करणाऱ्याला भंगाराची आठवण राहणे साहजिक आहे.

काचतंतू आणि इपॉक्सीचा चिकट भुगा मात्र कुठेच खपत नाही. तो सिमेंटच्या भट्टीत जाऊ शकतो. रेझिन जळून उष्णता देते आणि काचेतली सिलिका, चुना, अ‍ॅल्युमिना क्लिंकरमध्ये, म्हणजे ज्याचे दळून सिमेंट होते त्या भाजलेल्या खड्यांत, मिसळून जातात. हवेविना तापवून रेझिन वायुरूप करायचे आणि तंतू मोकळे काढायचे, असाही मार्ग आहे. पण चारशे-पाचशे अंश सोसल्यावर काचतंतूची ताकद निम्म्याच्याही खाली येते, आणि नवा काचतंतू इतका स्वस्त की हा उपद्व्याप परवडत नाही.

त्यामुळे माझी नजर डिंकावर, म्हणजे थर चिकटवणाऱ्या इपॉक्सीवरच आहे. रिसायक्लामाइन नावाचे हार्डनर आहेत. कॅलिफोर्नियातल्या कॉनोरा टेक्नॉलॉजीजने ते घडवले, 2019 मध्ये ते आदित्य बिर्ला समूहाकडे आले. त्यांची युक्ती सुरेख आहे. साखळ्यांना आडव्या बांधणाऱ्या रेणूंमध्येच एक कच्चा दुवा ठेवलेला असतो. तो थंडीत, पाण्यात, उन्हात तुटत नाही. कोमट-गरम सौम्य आम्लात मात्र तुटतो, आणि व्हिनेगरमधले आम्लही त्याला पुरते. दुवे तुटले की जाळ्याच्या पुन्हा सुट्या दोऱ्या होतात, रेझिन विरघळते, आणि काचतंतू, लाकूड, पोलाद जवळजवळ अखंड हाती येते. आम्ल उदासीन केले की विरघळलेले रेझिन साध्या थर्मोप्लास्टिकच्या रूपात खाली बसते. स्नोबोर्डमध्ये हे वापरून झाले आहे. पवनचक्कीच्या पात्यांचे दुखणे हुबेहूब हेच आणि टनावारी, तिथेही विलग होणाऱ्या रेझिनची पाती 2022 पासून फिरू लागली आहेत. स्कीचा धंदा त्यामानाने चिमुकला. त्याच्यासाठी एकट्यासाठी असे रसायन कोणी स्वस्त करणार नाही, पात्यांच्या मागोमाग ते त्याच्यापर्यंत येईल.

काचतंतूच बदलायचा प्रयत्नही चालू आहे. स्वित्झर्लंडची बीकॉम्प कंपनी 2011 मध्ये हलक्या स्कीच्या ध्यासातून सुरू झाली आणि जवसाच्या तंतूंवर पोहोचली. आज तेच तंतू मोटारींच्या भागांत जात आहेत. जवस धक्के चांगले पचवतो, जाळला तर काचेसारखी राख मागे ठेवत नाही. पण त्याला चिकटवायला पुन्हा रेझिन लागतेच.

एक गोष्ट प्रमाणात ठेवायला हवी. स्कीइंगच्या एकूण पर्यावरणीय ओझ्यात स्कीचा वाटा छोटा आहे. डोंगरापर्यंतचा प्रवास, विशेषतः विमानाचा, त्याहून कितीतरी मोठा. मग एवढा खटाटोप कशाला? कारण प्रवासाचा प्रश्न स्की बनवणाऱ्याच्या हातात नाही, डिंकाचा आहे. आणि तळावर, स्की वेगाने घसरावी म्हणून लावलेल्या जुन्या फ्लोरिनयुक्त मेणाचे अवशेष असतात, जे निसर्गात विघटित होत नाहीत. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 2023-24 च्या हंगामापासून स्पर्धांमध्ये असे मेण बंद केले. आधीच्या स्पर्धांतल्या जोड्या मात्र अजून तळघरांत पडून आहेत.

आज नव्या रेझिनने चिकटवलेली स्की भंगारात यायला दहा-पंधरा वर्षे लागतील. तेव्हा कुटण्याच्या यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाला ती आम्लाच्या टाकीत टाकायची की यंत्रात, हे ठरवावे लागेल. पोटात कोणता डिंक आहे हे बाहेरून बघून ओळखता येत नाही. वरच्या रंगीत थरावर एक छोटी खूण छापायला हवी, आणि ती इतकी वर्षे घासली न जाता टिकायला हवी.