अमेरिकेच्या बिलात नर्स कुठे असते?

पुण्या-मुंबईतल्या खासगी हॉस्पिटलच्या बिलात ‘नर्सिंग चार्जेस’ अशी एक ओळ बहुधा असते. (त्यातले किती पैसे नर्सच्या हातात पडतात, हा वेगळा विषय.) अमेरिकेतल्या हॉस्पिटलच्या बिलात ती सहसा सापडत नाही. डॉक्टरची फी वेगळी, एक्स-रे वेगळा, औषधं वेगळी. नर्सचं काम मात्र खाट आणि जेवणासोबत खोलीभाड्यात. वॉशिंग्टनमध्ये आरोग्याच्या पैशाला कात्री लागली की झळ नर्सिंगला लगेच का बसते, याचं बरंचसं उत्तर या हिशेबात आहे.

३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअर आणि मेडिकेडच्या कायद्यावर सही केली. पहिली योजना मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांसाठी, दुसरी गरिबांसाठी. तेव्हा पद्धत सोपी होती: हॉस्पिटलने झालेला खर्च दाखवायचा, सरकारने तो भरून द्यायचा. वयस्कर पेशंटचं जास्त करावं लागतं म्हणून नर्सिंगच्या खर्चावर ८.५ टक्के वाढीव रक्कमही काही वर्षं मिळत होती. ती आधी कमी झाली आणि १९८२ च्या कायद्याने बंदच झाली.

खरा बदल पुढच्या वर्षी आला. खर्च वाढतच चालला होता, म्हणून १९८३ मध्ये ठरलं, की निदानानुसार पेशंटचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाला एक ठरावीक रक्कम द्यायची. पेशंट तीन दिवस राहो नाहीतर दहा, पैसे तेवढेच. हे गट येल विद्यापीठात रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्प्सन यांनी तयार केले होते. गंमत अशी, की थॉम्प्सन मुळात नर्सिंग शिकलेले. तरीही त्या सूत्रात नर्सिंगचं वेगळं माप नाही. एका गटातल्या सगळ्यांना ते सारखंच लागतं, असं धरलेलं.

वॉर्डात उभं राहून पाहिलं तर हे गृहीतक टिकत नाही. न्यूमोनियाचे दोन पेशंट घ्या. एक स्वतः उठून बाथरूमला जातो, औषध हातात दिलं की घेतो. दुसऱ्याला विसरभोळेपणाचा आजार. रात्री तीनदा सलाईन उपसतो, कूस बदलायला दोन माणसं लागतात, घास भरवायला अर्धा तास. हॉस्पिटलला दोघांचे पैसे सारखेच मिळू शकतात.

पैसे ठरलेले म्हटल्यावर पेशंटला लवकर घरी पाठवणं फायद्याचं झालं. खाटा रिकाम्या झाल्या, पण उरलेले पेशंट जास्त आजारी होते आणि नर्स कमी पडू लागल्या. तुटवडा इतका, की १९८९ मध्ये परदेशी नर्सेससाठी काँग्रेसला (म्हणजे अमेरिकेच्या संसदेला) खास व्हिसाचा कायदा करावा लागला.

१९९७ च्या बॅलन्स्ड बजेट कायद्याने ठरावीक रकमेची तीच कात्री नर्सिंग होम (तिकडे हे आपल्यासारखं छोटं हॉस्पिटल नव्हे, तर वयस्कर आणि आजारी माणसांना राहायला ठेवून सांभाळणारी जागा) आणि घरपोच शुश्रूषेलाही लावली. त्याच कायद्यात एक चांगली गोष्ट होती: नर्स प्रॅक्टिशनरना (जादा शिक्षण घेऊन पेशंट तपासणाऱ्या आणि औषध लिहून देणाऱ्या नर्सना) मेडिकेअरकडे थेट आपल्या नावाने बिल लावता येऊ लागलं, पण डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्क्यांनीच.

ऑक्टोबर २००८ पासून मेडिकेअरने हॉस्पिटलमध्ये झालेल्या गंभीर बेडसोअर्सचे, कॅथेटरमुळे झालेल्या इन्फेक्शनचे, पडून झालेल्या दुखापतींचे जादा पैसे देणं थांबवलं. पेशंटला वेळेवर कुशीवर वळवलं का, हे आता अकाउंट्स विभागालाही विचारावं लागलं. नर्सिंग हिशेबात आलं खरं, पण दंडाच्या रकान्यात. चुकलं तर कापणार, नीट केलं तर त्याचं वेगळं काही नाही.

नर्सिंग होमची गोष्ट आणखी अवघड, कारण तिथे दीर्घकाळ राहणाऱ्यांचा मोठा भार मेडिकेड उचलतं. एप्रिल २०२४ मध्ये बायडन सरकारने नियम केला: प्रत्येक रहिवाशामागे रोज किमान ३.४८ तासांची शुश्रूषा आणि एक रजिस्टर्ड नर्स चोवीस तास हजर. नर्सिंग होमवाल्यांचा सवाल होता, एवढ्या नर्स आणायच्या कुठून आणि पगार कोण देणार? पहिला सवाल निदान ग्रामीण भागापुरता खरा होता. दुसऱ्याचं उत्तर मेडिकेडच्या दरात असायला हवं होतं, आणि सरकारने त्याला पुरेसा पैसा जोडला नव्हता. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासच्या न्यायालयाने नियमाचा गाभाच रद्द केला. मग ४ जुलैला ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्याने त्याची अंमलबजावणी ३० सप्टेंबर २०३४ पर्यंत रोखली. मेडिकेडवरचा केंद्राचा खर्च दहा वर्षांत शेकडो अब्ज डॉलरने कमी करणारा कायदाही हाच.

शिक्षणाच्या पैशाचंही तेच. १९६४ च्या कायद्यापासून केंद्र नर्सिंगच्या शिक्षणाला मदत देत आलं आहे. पण ती रक्कम दरवर्षी नव्याने मंजूर करून घ्यावी लागते. २०२६ च्या अंदाजपत्रकात ट्रम्प सरकारने त्यातल्या बहुतेक योजना बंद करण्याचा आणि नर्सिंग संशोधनाची राष्ट्रीय संस्थाच मोडीत काढण्याचा प्रस्ताव ठेवला. शेवटचा शब्द काँग्रेसचा असतो. म्हणूनच नर्सेसच्या संघटनांना दर वर्षी वॉशिंग्टनला जाऊन तेच आकडे पुन्हा मांडावे लागतात.